जळक्या दाण्यांतून बाजार कसा वाचायचा : माया व्यापार आणि वनस्पतींचे अवशेष

मेक्सिकोतल्या कालाकमुल या प्राचीन माया शहरात २००४ साली एका छोट्या पिरॅमिडच्या आत, नंतरच्या बांधकामाखाली झाकलेली भित्तिचित्रं सापडली. चित्रं सातव्या शतकातली. त्यांत लढाया नाहीत, राज्याभिषेक नाहीत. कुणी वाडग्याने पेज पितंय, कुणी टोपलीतला माल दाखवतंय, एक बाई दुसरीला डोक्यावरचं ओझं सावरायला मदत करतेय. शेजारी माया लिपीत माणसांची ओळख लिहिलेली आहे : ‘अह उल’ म्हणजे पेजवाला, ‘अह वाह’ म्हणजे तामालेवाला (तामाले म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा पदार्थ), ‘अह इशिम’ म्हणजे मक्याच्या दाण्यांचा, ‘अह माय’ म्हणजे तंबाखूवाला, ‘अह अत्साम’ म्हणजे मीठवाला.

या यादीतलं मीठ आणि चित्रांतली मातीची भांडी बाजूला काढा. उरलेला सगळा माल शेतातून आलेला आहे. तरीही माया व्यापाराचा इतिहास प्रामुख्याने ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच), जेड आणि खापरांवरून लिहिला गेला, कारण या वस्तू मातीत टिकतात. पेज टिकत नाही. दमट उष्ण जंगलात तामाले काही दिवसांत कुजून जातो. त्यामुळे राजाच्या कबरीतला हिरवा मणी आपल्याला ठाऊक असतो, पण मिरची विकून मीठ घेऊन घरी जाणारी बाई दिसत नाही. ती दिसावी, यासाठी वनस्पतींचे अवशेष अभ्यासायचे असतात. पुरातत्त्वाच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम पायरीपायरीने कसं करतात ते कळावं, म्हणून हा लेख.

पायरी १ : प्रश्न नेमका करा

‘माया लोकांत बाजार भरत होता का?’ हा प्रश्न मातीला विचारता येत नाही. विसाव्या शतकात बराच काळ अभ्यासक असं धरून चालले होते, की माया सखल प्रदेशात सगळीकडे साधारण तेच जंगल आणि तीच पिकं, मग लोकांना एकमेकांकडून विकत घ्यायला होतंच काय? मौल्यवान वस्तू राजवाडा वाटतो आणि बाकी प्रत्येक घर आपापलं पिकवून खातं, असं ते चित्र होतं. आज ते टिकलेलं नाही. पण त्याच्या जागी ‘सगळीकडे बाजारच बाजार’ असं दुसरं चित्र पुराव्याशिवाय बसवणंही तितकंच चुकीचं आहे.

म्हणून सापडलेल्या प्रत्येक वनस्पतीला तीन प्रश्न विचारायचे. ती इथे पिकत होती का? इथे ती कोणत्या रूपात आली : कणीस की दाणे, सरकीसकट कापूस की सूत? आणि ती कुणाकुणाच्या घरी पोचली? पुढची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर देते की नाही, हे तपासत राहा. देत नसेल, तर ते काम करण्यात मोसम वाया घालवू नका.

पायरी २ : कोणत्या वनस्पतींच्या मागे जायचं ते ठरवा

उत्खननाला जाण्याआधी प्रदेशाचा वनस्पती-नकाशा तयार करा. पाऊस किती, माती कोणती, कोणतं झाड कुठे उगवतं आणि कुठे उगवतच नाही. हा नकाशा नसेल, तर पुढे सापडलेल्या दाण्याचा अर्थ लावता येणार नाही.

पाइनचं लाकूड हे माझं आवडतं उदाहरण आहे. बेलीझमधल्या शुनानतुनिच या शहराभोवतालचं जंगल रुंदपानी झाडांचं. पाइन वाढतो तो दक्षिणेकडच्या माउंटन पाइन रिजच्या आम्लधर्मी, नापीक मातीत. तरी शुनानतुनिचच्या उत्खननात पाइनचा कोळसा सापडतो. डेव्हिड लेंट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली यावर शोधनिबंध लिहिला आणि लाकडाच्या तुकड्यांवरून थेट सत्ता आणि वाटपाचा प्रश्न मांडला. राळेने भरलेलं हे लाकूड मशालीसारखं भडकतं, विधींत धूर करायला लागतं, बांधकामातही चालतं. लाकडाच्या पेशींची रचना वेगळी असल्याने नखाएवढ्या कोळशावरूनही पाइन ओळखता येतो. ‘इथे पिकत होतं का?’ याचं उत्तर इतकं स्पष्ट देणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत.

काकाव, म्हणजे कोको, याच्या बरोबर उलट. सगळ्यांना तोच शोधायचा असतो आणि फसायलाही तिथेच होतं. या झाडाला ओलावा, सावली आणि खोल माती लागते. ताबास्को, पॅसिफिक किनाऱ्यावरचं सोकोनुस्को आणि होंडुरासमधलं उलुआ नदीचं खोरं ही त्याची नावाजलेली ठिकाणं. सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात राहिलेल्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलंय, की तिथले व्यापारी मीठ, कापड आणि गुलाम घेऊन ताबास्को आणि उलुआकडे जात आणि काकाव आणि दगडी मणी घेऊन परतत. हे वाचून उत्तर युकातानमध्ये मिळालेला काकावचा प्रत्येक अंश ‘आयात’ म्हणून नोंदवायचा मोह होतो. पण त्या कोरड्या प्रदेशात चुनखडी खचून बनलेले खोल खड्डे आहेत, रेहोयादा नावाचे. त्यांच्या तळाशी ओली माती आणि दमट हवा असते. तिथे काकाव लावला जात होता, याच्या खुणा तिथल्या मातीच्या रासायनिक तपासणीत मिळाल्या आहेत. नकाशा काढताना असे कोपरे सुटू देऊ नका.

कापूस, तंबाखू, मिरची, कसावा, घायपाताच्या जातीची धाग्याची झाडं हीसुद्धा यादीत हवीत. आणि मका तर हवाच. तो सगळीकडे पिकतो म्हणून व्यापाराच्या दृष्टीने बिनकामाचा, असं समजू नका. मक्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न, रूपाचा, बोलका ठरतो. त्याबद्दल पुढे.

पायरी ३ : संदर्भसंग्रह घरीच सुरू करा

ही पायरी अनेकजण शेवटी करतात. मी ती आधी करायला सांगेन, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला त्यात मोठी सोय आहे. माया शेतातल्या आणि परसातल्या कितीतरी वनस्पती आज मराठी स्वयंपाकघरात आहेत. मका, मिरची, लाल भोपळा, घेवडा, पेरू, पपई, रामफळ. डहाणू-घोलवडचा चिकू हे मूळचं मध्य अमेरिकेतल्या जंगलाचं झाड. त्याच्याच लाकडाच्या तुळया ग्वातेमालातल्या तिकाल या माया शहराच्या मंदिरांत आहेत. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. विदर्भात आज जो कापूस लावतात तो बहुतेक सगळा ‘गॉसिपियम हिर्सुटम’ जातीचा, म्हणजे माया लोक पिकवत त्याच जातीचा. सरकी कुठल्याही जिनिंगमधून मिळेल.

दमट माया प्रदेशात साधारणपणे तेच अवशेष टिकतात जे अर्धवट जळून कोळसा झालेले असतात. म्हणून ताजं बी ओळखता येणं पुरेसं नाही, जळकं बी ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी:

प्रत्येक वाणाचे वीस-पंचवीस दाणे मोजून, मापून, फोटो काढून ठेवा. मग ते ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरा. वाळूमुळे हवा कमी लागते. दाणा पेटून राख न होता काळा पडतो. डबा उघड्यावर, चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा किंवा प्रयोगशाळेच्या भट्टीत २५० ते ३०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास. घरातल्या ओव्हनमध्ये करू नका, धूर होतो. थंड झाल्यावर पुन्हा मापं घ्या. मक्याचा दाणा फुगतो, कधी लाहीसारखा फुटतो. मिरचीचं बी चपटंच राहतं पण ठिसूळ होतं. सरकीचं टणक कवच तडकतं. चिकूच्या बीची चकाकी जाते, पण एका कडेवरचा लांबट व्रण ओळखू येतो. साबुदाणा तर चिकट गोळा होऊन बसतो. कसावा उत्खननात दाण्यांच्या रूपात का सापडत नाही, ते तो गोळा पाहूनच लक्षात येतं.

कणसाचे दोन भाग वेगवेगळे जाळा : सुटे दाणे, आणि दाणे काढून उरलेलं दांडकं. त्या दांडक्यावर दाणे बसण्याच्या छोट्या टणक खोबण्या असतात. इंधन म्हणून दांडकं चुलीत घातलं की त्या खोबण्या सुट्या होऊन कोळशात उरतात. माया उत्खननात तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा भेटणारी वस्तू बहुधा हीच असेल. डोळे मिटून ओळखता यायला हवी.

या कामाचं शिक्षण घ्यायचं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याची जुनी परंपरा आहे. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातल्या धान्यांचा अभ्यास तिथल्याच मु. द. काजळे यांनी केला. प्रदेश आणि पिकं वेगळी असली तरी हाताची पद्धत तीच.

पायरी ४ : नमुना कुठून घ्यायचा

आधी परवानगी. मेक्सिकोत आयएनएएच ही पुरातत्त्वाची सरकारी संस्था, बेलीझमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ आर्किऑलॉजी, ग्वातेमालात सांस्कृतिक वारशाचं सरकारी खातं. त्यांच्या परवानगीशिवाय एक चमचा मातीही हलवता येत नाही. नमुने देशाबाहेर न्यायचे तर त्याची वेगळी परवानगी, आणि आपल्या देशात माती आणायची तर इथल्या रोपरोग-नियंत्रणाचे नियम. शक्य असेल तर माती तिथेच धुऊन फक्त कोळसा हलवा.

आता जागा. माया शहरात बाजार बहुधा मोकळ्या चौकात भरत असे, आणि चौक झाडले जात. मध्यभागी खणून रिकाम्या हाताने परत येणं हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव आहे. आपल्याकडे आठवडी बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानात एक फेरी मारा आणि कचरा कुठे अडकलाय ते पाहा : पालांच्या खुंट्यांपाशी, ओट्याच्या कडेला, गटारात, भिंतीच्या कोपऱ्यात. चौकाच्या कडा, दगडांच्या रांगांच्या पायथ्याशी, फरशीच्या फटी आणि चौकाबाहेरचे उकिरडे यांवर तोच नियम लावा. फरशी पुन्हा पुन्हा चुन्याने लिंपली गेली असेल, तर दोन थरांच्या मध्ये अडकलेली धूळ म्हणजे खजिना आहे.

चौकावर आधी रासायनिक नकाशा काढा. अन्न सांडतं, कुजतं, त्यातला फॉस्फरस चुनखडीच्या मातीला चिकटून शतकानुशतकं राहतो. युकातानमधल्या चुनचुकमिल इथे ब्रूस डालिन, रिचर्ड टेरी आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. एका मोकळ्या चौकातून जाळी आखून मातीचे नमुने घेतले आणि तुलनेला ग्वातेमालातल्या अंतिग्वा शहरात आजच्या काळात भरणाऱ्या, मातीच्या जमिनीवरच्या बाजारातली माती तपासली. आजच्या बाजारात जिथे खाद्यपदार्थ विकले जात तिथे फॉस्फरस वाढलेला होता. प्राचीन चौकातही तो दगडांच्या रांगांच्या बरोबरीने पट्ट्यापट्ट्यांनी वाढलेला दिसला. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. चुनचुकमिलभोवतीची जमीन उथळ, पाऊस कमी, आणि शहर मात्र दाट वस्तीचं. इतक्या लोकांना त्या जमिनीने पोसलं नसतं, अन्न बाहेरून येतच असणार, हा डालिन यांचा युक्तिवाद. म्हणून मला हे उदाहरण मोलाचं वाटतं : माती, पाऊस, रसायन आणि शहराची मांडणी, सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात.

पण फॉस्फरस सांगतो की ‘इथे अन्न होतं’. मका की मिरची, विक्री की पंगत, हे तो सांगत नाही. त्यासाठी वाढीव फॉस्फरसच्या जागांवरून फ्लोटेशनसाठी (म्हणजे माती पाण्यात धुऊन कोळसा तरंगवून काढण्यासाठी) नमुने घ्या, आणि तितकेच नमुने कमी फॉस्फरसच्या जागांवरून. शिवाय घरांमधून : राजवाडा, मध्यम घरं, कडेची शेतकऱ्यांची घरं. घरांचे नमुने नसतील, तर ‘कुणाकुणाच्या घरी पोचलं?’ या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळणारच नाही. पैसे आणि दिवस कमी पडले तर चौकातले नमुने कमी करा, घरातले नको.

प्रत्येक नमुना दहा लिटर, मोजून. थर, खोली, तारीख लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या : एक पिशवीच्या आत प्लॅस्टिकमध्ये, एक बाहेर. जंगलातल्या दमटपणात शाई उडते, पेन्सिलने लिहा. आसपासच्या अंगणातला, उत्खननाच्या बाहेरचा एक नमुनाही घ्या. मातीत मुळातच काय आहे ते त्यावरून कळतं.

पायरी ५ : फ्लोटेशन

तत्त्व सोपं आहे. कोळसा पाण्यावर तरंगतो, माती विरघळून खाली जाते, दगड आणि खापरं तळाशी बसतात. पुरातत्त्वात ही पद्धत रूढ झाली ती १९६८ साली स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी अमेरिकेत तिच्यावर लिहिल्यानंतर. यंत्रं मिळतात, पण दोन बादल्या आणि बारीक जाळीवरही उत्तम काम होतं.

माया प्रदेशातली माती बहुतेकदा चिवट चिकणमाती. थेट पाण्यात टाकली तर ढेकळं फुटत नाहीत आणि हाताने चुरायला गेलात तर कोळसाच चुरला जातो. आधी माती सावलीत पूर्ण सुकवा. मग बादलीभर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात अर्धा तास भिजवा. ढेकळं आपोआप सुटतात. मग पाणी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, क्षणभर थांबा आणि वर तरंगलेलं ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटरच्या जाळीवर ओता. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. वर काळं काही येईनासं होईपर्यंत. तळाचा गाळ १ मिलिमीटरच्या जाळीवर धुवा. त्यात सूक्ष्म खापरं, ऑब्सिडियनच्या कपच्या, माशांची हाडं मिळतील. बाजाराच्या प्रश्नाला तीही लागतात. जड बिया आणि कोळसाही कधी तळाशी राहतात, म्हणून तो गाळ फेकायचा नाही.

जाळीवरचा माल कापडात बांधून सावलीत टांगा. मी पहिल्यांदा घाईने उन्हात वाळत घातला होता. संध्याकाळपर्यंत चांगले अखंड दाणे तडकून चुरा झाला. तो नमुना परत मिळाला नाही. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या.

आपली पद्धत किती पकडते हे तपासायला खसखस वापरा. खसखशीचे शंभर दाणे जाळून, मोजून, नमुन्यात मिसळा आणि शेवटी किती हाती येतात ते पाहा. खसखस माया प्रदेशातली नव्हे, त्यामुळे प्राचीन बियांशी गल्लत होत नाही. शंभरातले नव्वद आले तर हात बसला. पन्नास आले तर मिरचीचं, तंबाखूचं बारीक बी तुमच्या हातून निसटतंय. ‘तंबाखू सापडला नाही’ असं लिहायचा अधिकार तुम्हाला अजून नाही.

पायरी ६ : निवडणं आणि ओळखणं

वाळलेला माल चाळण्यांनी आकारवारीत वेगळा करा आणि दहा ते चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली तांदूळ निवडल्यासारखा निवडा. न जळलेलं बी दिसलं तर ते बहुधा आजचं आहे : मुळांबरोबर गेलेलं, मुंग्यांनी नेलेलं. पानं तोडून वारुळात नेणाऱ्या मुंग्या त्या जंगलात मातीचे थर खूप खाली-वर करतात. महत्त्वाचं ठरेल असं प्रत्येक बी स्वतंत्रपणे, एएमएस या अगदी थोड्या नमुन्यावर चालणाऱ्या पद्धतीने, रेडिओकार्बन कालमापनाला पाठवा. शेजारच्या कोळशाचा काळ म्हणजे बीचा काळ नव्हे. मात्र पाठवण्याआधी मापं आणि फोटो, कारण ते बी परत येत नाही.

ओळख पटत नसेल तर ‘अनोळखी, प्रकार क्र. ७’ असं लिहून चित्र काढा. अंदाजाने नाव देऊ नका. एकदा तक्त्यात ‘काकाव’ लिहिलं गेलं की पुढची तीस वर्षं ते उतरवलं जातं.

पायरी ७ : जे जळत नाही ते शोधा

पेज, मसाला, पान, सूत यांचं बी उरत नाही. त्यांच्यासाठी सूक्ष्म अवशेष.

फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साचलेली सिलिकाची रूपं. झाड कुजलं तरी ती मातीत राहतात. मक्याच्या पानात फुलीच्या आकाराची, कणसाच्या दांडक्यात वेगळीच, चकतीसारखी. ताडवर्गीय झाडांत काटेरी गोळे, भोपळ्याच्या सालीत खवल्यांसारखे खळगे असलेले गोल. म्हणजे चौकातल्या मातीत मक्याच्या पानांचे फायटोलिथ आले आणि दांडक्याचे आले नाहीत, तर पानात गुंडाळलेल्या खाद्यपदार्थांचा विचार करता येतो. चुनखडीच्या मातीत आधी आम्लाने कार्बोनेट काढावं लागतं, मग सेंद्रिय भाग, मग जड द्रवात फायटोलिथ वर आणायचे. हे सगळं प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली.

स्टार्चचे कण जात्याच्या दगडांवर, भांड्यांच्या आतल्या बाजूला, दातांवरच्या कीटणात सापडतात. मक्याचे कण बहुभुज, कसाव्याचे घंटेसारखे एका बाजूने कापलेले, मिरचीचे मधे दबलेल्या चकतीसारखे. पण इथे प्रदूषणाची धास्ती मोठी. प्रयोगशाळेतल्या पावडर लावलेल्या हातमोज्यांवरची पावडर अनेकदा मक्याचाच स्टार्च असते! बिनपावडरीचे मोजे घाला, टेबलावर रिकामी काच उघडी ठेवून हवेतलं काय पडतं ते रोज तपासा, आणि जेवणाचा डबा त्या खोलीत नको. उत्खननावर दुपारी सगळे मक्याच्या तोर्तिया खातात, हेही विसरू नका.

परागकण चुन्याच्या चौकात फारसे टिकत नाहीत. ते तळ्याच्या गाळातून घ्या. परिसरात काय पिकत होतं, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, त्यातून मिळतं.

राहिलं भांड्यांत मुरलेलं रसायन. ग्वातेमालातल्या रिओ असुल इथे कबरीत फिरकीच्या झाकणाचं एक भांडं मिळालं. त्यावर ‘काकाव’ असं लिहिलेलं वाचता आलं आणि १९९० साली हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यातल्या अवशेषांत थिओब्रोमिन आणि कॅफिन ही काकावमधली द्रव्यं सापडली. शब्द आणि पदार्थ एकमेकांना साक्ष देतायत, असा पुरावा दुर्मीळ. दुसरा असाच : वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या संग्रहातली एक छोटी माया कुपी, साधारण इ.स. ७०० ची. तिच्यावर लिहिलंय ‘याच्या तंबाखूचं घर’, आणि २०१२ साली आत निकोटिन असल्याचं सिद्ध झालं. पुढे २०२२ साली अ‍ॅनाबेल फोर्ड आणि सहकाऱ्यांनी बेलीझ-ग्वातेमालाच्या सीमेवरच्या एल पिलार या माया शहराच्या परिसरातल्या ५४ भांड्यांची खापरं तपासली. निम्म्याहून जास्त खापरांत काकावची खूण मिळाली, आणि ती साध्या घरांतल्या भांड्यांतही होती. काकाव हे फक्त राजांचं पेय, हा समज त्याने ढासळला. थेट तिसऱ्या प्रश्नाला भिडणारं हे काम आहे. भांडी निवडताना म्हणूनच सुंदर रंगीत पेल्यांइतकीच साधी वापरातली खापरं पाठवा. आणि खापर तपासायचं असेल तर धुऊ नका.

पायरी ८ : मोजा, मग वाचा

दाण्यांची नुसती बेरीज फसवते. एका चुलीत सांडलेली मक्याची एक मूठ शंभर नमुन्यांना झाकून टाकते. म्हणून दोन आकडे काढा : दर लिटर मातीमागे किती दाणे, आणि एकूण नमुन्यांपैकी किती नमुन्यांत ती वनस्पती आहे. दुसरा आकडा बाजाराच्या अभ्यासात जास्त उपयोगी.

मग रूपाचं गुणोत्तर. शेतकऱ्याच्या घरी मका कणसासकट येतो, म्हणून तिथे दाणे आणि दांडक्याच्या खोबण्या दोन्ही मिळायला हव्यात. एखाद्या शहरी वस्तीत दाणे भरपूर आणि खोबण्या जवळजवळ नाहीतच, तर तिथे सोललेला मका येत होता असं म्हणता येतं. कालाकमुलच्या चित्रातला ‘मक्याच्या दाण्यांचा’ माणूस नेमकं हेच विकत होता ना? मात्र खोबण्या नसण्याची दुसरी कारणंही तपासा : तिथे लाकूडच मुबलक असेल आणि दांडकी जाळलीच जात नसतील. कापसाचंही तसंच. सरकी आणि चातीच्या मातीच्या चकत्या दोन्ही मिळाल्या तर कापूस घरी पिंजून सूत काढलं जात होतं. चकत्या आहेत, सरकी कुठेच नाही, तर साफ केलेला कापूस बाहेरून आला असण्याची शक्यता विचारात घ्या.

शेवटी वाटप. पुरातत्त्वज्ञ केनेथ हर्थ यांनी १९९८ साली मांडलेली कसोटी सोपी आणि कठोर आहे. राजवाडा वाटत असेल तर बाहेरचा माल दर्जाप्रमाणे कमी-जास्त दिसेल : वर भरपूर, खाली तुरळक. बाजारातून येत असेल तर थोरामोठ्यांच्या आणि साध्या घरांत त्याच प्रकारचा माल दिसेल, प्रमाण थोडंफार वेगळं असलं तरी. तुमचा पाइन, काकाव, मिरची, कापूस हे घरवार मांडून बघा. प्रत्येक मालाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. पाइन राजवाड्याच्या हातात आणि मिरची बाजारात, असं एकाच शहरात शक्य आहे.

आपलं वाचन किती अपुरं असू शकतं, हे समजून घ्यायला एल साल्वादोरमधलं होया दे सेरेन बघा. माया प्रदेशाच्या आग्नेय कडेचं हे खेडं सातव्या शतकात ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९७६ साली बुलडोझरमुळे ते उघडं पडलं आणि पेसन शीट्स यांनी १९७८ पासून तिथे काम केलं. राखेत कुजलेल्या झाडांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लॅस्टर ओतून मक्याची रोपं, कसाव्याचे कंद जसेच्या तसे मिळाले. आढ्याला टांगलेल्या मिरच्या होत्या. एका घराच्या बागेत घायपातासारखी सुमारे ७० झाडं होती, म्हणजे एका घराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त धागा. ते घर शेजाऱ्यांसाठी धागा काढत होतं, बदल्यात काही घेत होतं. आता हेच खेडं राखेखाली न जाता पावसात कुजलं असतं अशी कल्पना करा. फ्लोटेशनमध्ये त्या बागेतलं काय आलं असतं? बहुधा काहीच नाही. प्रत्येक वेळी ‘नाही’ असं लिहिताना मी सेरेनची ती बाग आठवते.

पायरी ९ : निष्कर्ष लिहिताना

‘बाजार सिद्ध झाला’ असं एका वाक्यात लिहू नका. कोणत्या वनस्पतीने कोणत्या प्रश्नाचं काय उत्तर दिलं, ते वेगवेगळं लिहा आणि प्रत्येकासमोर दुसरी शक्यताही मांडा : पंगत, खंडणी, नातेवाइकांची देवाणघेवाण. मग चौकाची रचना, फॉस्फरस, गाळातल्या ऑब्सिडियनच्या कपच्या यांच्याशी ताडून पाहा. स्पॅनिश नोंदी तुलनेला घ्या, पण त्या अभिजात माया काळाच्या (साधारण इ.स. २५० ते ९००) सहा-सातशे वर्षांनंतरच्या आहेत हे सांगून. १५०२ साली कोलंबसच्या चौथ्या सफरीत होंडुरासच्या किनाऱ्याजवळ एक मोठी व्यापारी होडी भेटली. तिच्यात सुती वस्त्रं होती, तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या, काकावच्या बियाही होत्या. बिया खाली सांडल्या तेव्हा माणसं अशी धावून वाकली, जणू डोळाच निखळून पडलाय, असं कोलंबसच्या मुलाच्या नोंदीत आहे. त्या बियांचं मोल कळायला हे पुरेसं आहे. पण आठव्या शतकातल्या तिकालमध्येही तेच मोल होतं, हे त्यावरून सांगता येत नाही.

आणि प्रत्येक नमुन्यातली अर्धा लिटर माती न धुता, चिठ्ठीसकट, कोरड्या जागी ठेवून द्या. १९९० साली कबरीतलं अखंड भांडं लागत होतं, २०२२ साली साध्या भांड्याचं खापरही चाललं. पुढच्या माणसाला त्या अर्ध्या लिटरमध्ये काय दिसेल, ते आज आपल्या हातात नाही. ती माती जपून ठेवणं मात्र आहे.